समुद्राच्या लक्षात राहतं

विदर्भात पारा 45 च्या घरात गेलेला असतो, कोकणात आंब्याच्या शेवटच्या पेट्या भरल्या जात असतात, त्या दिवसांत लक्षद्वीप बेटांच्या आसपासचा समुद्र 30 अंश सेल्सिअसच्या वर तापलेला असतो. चंद्रपूरच्या माणसाला 30 अंश म्हणजे गारवा वाटेल. खुल्या समुद्राच्या हिशेबात मात्र हा आकडा मोठा आहे. एप्रिल-मेमध्ये उत्तर हिंदी महासागरातलं सर्वांत उबदार पाणी इथेच सापडतं आणि काही वर्षी मान्सूनला केरळात घेऊन येणारा पहिला भोवरा याच पाण्यावर जन्माला येतो.

पण इथेच का? ऊन तर सगळ्या अरबी समुद्रावर पडतं.

या कोड्याचा मोठा भाग गोव्यात दोना पावला इथल्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत सुटला. शेणॉय, शंकर आणि शेट्ये या तिघांनी 1999 मध्ये त्यावर निबंध प्रसिद्ध केला. त्यांनी मांडलेली गोष्ट सुरू होते आदल्या वर्षीच्या पावसात, आणि तीही देशाच्या दुसऱ्या बाजूला.

जुलै-ऑगस्टमध्ये गंगा, ब्रह्मपुत्रा, इरावती, महानदी, गोदावरी दुथडी भरून वाहतात आणि ते सगळं गोडं पाणी बंगालच्या उपसागरात ओततात. गोडं पाणी हलकं, त्यामुळे ते खाऱ्या पाण्यात लगेच मिसळत नाही, त्याच्यावर थर धरून राहतं. पाऊस सरतो, वारे फिरतात आणि नोव्हेंबरच्या सुमारास पूर्व किनाऱ्याला लागून एक प्रवाह दक्षिणेकडे धावू लागतो. आंध्र, तमिळनाडू, मग श्रीलंकेला वळसा. तिथून त्याचा एक फाटा उत्तरेला वळतो आणि केरळसमोर येतो. गोदावरी त्र्यंबकला उगम पावते, अरबी समुद्रापासून जेमतेम ऐंशी किलोमीटरवर. पण सह्याद्रीने पाठ फिरवल्यामुळे तिला अख्खं दख्खन ओलांडून राजमहेंद्रीच्या पुढे समुद्र गाठावा लागतो. तिच्या पाण्याचा थोडा वाटा अशी अर्धी प्रदक्षिणा पुरी करून पुन्हा पश्चिमेच्या समुद्रात येतो.

आल्यावर हे कमी खारं पाणी वरच्या वरच तरंगत राहतं. त्याच सुमारास लक्षद्वीपजवळ समुद्राची पातळी भोवतालपेक्षा काही सेंटिमीटर उंच झालेली असते आणि तिथे उबदार पाण्याचा थर नेहमीपेक्षा खोलवर गेलेला असतो. वर हलका थर, त्याखाली खारं पण उबदारच पाणी. वाऱ्याने कितीही घुसळलं तरी खालून थंड पाणी वर येत नाही. फेब्रुवारीपासून पडणारं ऊन त्या वरच्या पातळ थरात अडकून राहतं आणि मे उजाडेपर्यंत पाणी तापतं.

म्हणजे यंदाच्या मान्सूनच्या स्वागताची तयारी गेल्या वर्षीच्या मान्सूनने केलेली असते. मधले आठ-नऊ महिने तो निरोप समुद्राने सांभाळला, पोचवला आणि योग्य जागी ठेवला. समुद्र हवामानात काय काम करतो हे एका ओळीत सांगायचं तर एवढंच: हवा विसरते, समुद्राच्या लक्षात राहतं. पुढचं सगळं त्या आठवणीबद्दल आहे. ती काही वेळा महिन्यांची असते, काही वेळा वर्षांची, आणि काही वेळा हजार वर्षांची.

हवेची स्मरणशक्ती

हवेतल्या घडामोडी अल्पायुषी असतात. वादळ उठतं, आठवड्याभरात विरतं. आजच्या हवेच्या नोंदी कितीही बारकाईने घेतल्या तरी साधारण दोन आठवड्यांपलीकडे तिचं तपशीलवार भाकीत करता येत नाही, हे एडवर्ड लोरेन्झ यांनी 1960 च्या दशकात दाखवून दिलं. तरीही आपलं हवामान खातं एप्रिलमध्येच पावसाळ्याचा अंदाज जाहीर करतं. हवा दोन आठवड्यांत सगळं विसरत असेल, तर सप्टेंबरपर्यंतचं कोण सांगतं?

सांगणारा मुख्यतः समुद्रच. वातावरणातली सगळी हवा एक अंशाने तापवायला जेवढी उष्णता लागेल, तेवढी समुद्राच्या वरच्या केवळ अडीच-तीन मीटर पाण्याला एक अंश तापवण्यात संपते. आणि समुद्राची सरासरी खोली आहे सुमारे 3,700 मीटर. उष्णता साठवण्याची त्याची कुवत हवेच्या जवळपास हजारपट भरते. चूल विझली की स्वयंपाकघरातली हवा लगेच निवते, पण हंड्यातलं पाणी तासन्‌तास कोमट राहतं. तोच फरक इथे पृथ्वीच्या मापाने आहे.

या फरकातून काय निघतं ते जर्मन शास्त्रज्ञ क्लाउस हासेलमान यांनी 1976 मध्ये दाखवलं. हवेचे रोजचे धक्के कसेही असतात: आज वारा सुटला, उद्या पडला, परवा ढग आले. त्यांना आपसांत ताळमेळ नाही. पण समुद्र प्रत्येक धक्का जमेस धरत जातो आणि त्या बेरजेतून वर्षावर्षांचे, दशकादशकांचे संथ चढउतार आपोआप उभे राहतात. त्यांना बाहेरून वेगळं कारण लागतच असं नाही. हवामान बदलत का राहतं, या प्रश्नाचं हे उत्तर दिसायला साधं आहे, पण त्याने सगळा विचारच पालटला. 2021 चं भौतिकशास्त्राचं नोबेल स्युकुरो मानाबे आणि जॉर्जो पारिसी यांच्यासोबत हासेलमान यांना मिळालं.

तरी साठवणं ही अर्धीच गोष्ट झाली. समुद्र उष्णता एका जागी घेतो आणि दुसऱ्याच जागी परत करतो, कारण त्याचं पाणी चालतं.

वारा एकीकडे, पाणी दुसरीकडे

नॉर्वेचा फ्रिड्टयोफ नान्सेन 1893 मध्ये 'फ्राम' हे जहाज घेऊन निघाला आणि ते मुद्दाम उत्तर ध्रुवाकडच्या बर्फात अडकवून जवळजवळ तीन वर्षं वाहत राहिला. त्याच्या लक्षात आलं, की बर्फ वाऱ्याच्या दिशेने सरळ जात नाही, दर वेळी उजवीकडे कललेला जातो. ही नोंद त्याने पुढे केली आणि वाग्न एकमन या तरुण स्वीडिश संशोधकाने त्याचं गणित मांडलं. पृथ्वी फिरते आहे, त्यामुळे वाऱ्याने ढकललेला पाण्याचा वरचा थर एकूण हिशेबात वाऱ्याच्या काटकोनात सरकतो. उत्तर गोलार्धात उजवीकडे, दक्षिण गोलार्धात डावीकडे.

हे काटकोनाचं प्रकरण अरबी समुद्रात लावून पाहा. जूनमध्ये नैर्ऋत्येचा वारा सोमालियाच्या किनाऱ्याला समांतर सुसाटतो. पाणी त्याच्या उजवीकडे, म्हणजे किनाऱ्यापासून दूर लोटलं जातं. रिकामी झालेली जागा भरायला खोलातलं थंड पाणी वर येतं. विषुववृत्तापासून जेमतेम दहा अंशांवर, ऐन उन्हाळ्यात, समुद्राचं पाणी 20 अंशांच्या आसपास उतरतं. शेजारून वाहणारा सोमाली प्रवाह तेव्हा सेकंदाला दोन-तीन मीटर वेगाने उत्तरेकडे पळत असतो. हिवाळ्यात हाच प्रवाह उलटा फिरतो. अटलांटिकमधला गल्फ स्ट्रीम किंवा जपानजवळचा कुरोशियो बारा महिने एकाच दिशेने वाहतात. वर्षातून दोनदा पाठ फिरवणारा एवढा बलाढ्य प्रवाह जगात दुसरा नाही.

याचा मोठा परिणाम असा, की सूर्य डोक्यावर असताना अरबी समुद्र थंड होत जातो. मे महिन्यात तो तापून असतो आणि जुलैपर्यंत काही अंशांनी निवलेला असतो. थोडी उष्णता बाष्पीभवनात जाते, थोडी खालून आलेल्या थंड पाण्यात विरते, आणि थोडी दक्षिणेला पाठवली जाते. अटलांटिक आणि पॅसिफिक यांना उत्तरेकडे थंड प्रदेशांपर्यंत वाट मोकळी आहे. हिंदी महासागराच्या डोक्यावर मात्र आशिया खंड बसलेला आहे. जमलेली उष्णता बाहेर काढायची तर दक्षिणेचाच दरवाजा. आणि पावसाळी वारे विषुववृत्ताच्या दोन्ही बाजूंना नेमके असे वाहतात, की एकमनच्या काटकोनाने वरचं गरम पाणी दोन्हीकडे दक्षिणेलाच सरकतं. ऐन पावसाळ्यात विषुववृत्त ओलांडून जाणारी ही उष्णता एक पेटावॅटच्या वर भरते. हजार मेगावॉटची दहा लाख वीजकेंद्रं एकदम चालवली, तर एक पेटावॅट होतो.

पीटर वेब्स्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यातून एक सुरेख कल्पना मांडली. मान्सून जोराचा झाला, तर त्याचे वारे समुद्रातून जास्त उष्णता दक्षिणेला लोटतात. उत्तरेचा समुद्र निवतो आणि पुढच्या मान्सूनला थोडा लगाम बसतो. मान्सून कमजोर झाला, तर उलट. हजारो वर्षं मान्सून बेताबेतात राहिला, त्याचं एक कारण समुद्राच्या या हिशेबीपणात असू शकतं.

आपल्या किनाऱ्यालाही याचा स्पर्श आहे. पावसाळ्यात पश्चिम किनाऱ्याजवळचा प्रवाह दक्षिणेकडे वाहतो आणि खालचं थंड, पोषक द्रव्यांनी भरलेलं पाणी किनाऱ्याकडे चढतं. त्यावर सूक्ष्म वनस्पती माजतात, त्यांच्यावर तारली आणि बांगडे पोसतात. नारळी पौर्णिमेनंतर होड्या लोटल्या की जाळ्यात जे येतं, त्याची पेरणी पावसाळ्यात झालेली असते. त्या पाण्याची दुसरी बाजूही आहे. अरबी समुद्राच्या मधल्या खोलीवर ऑक्सिजन जवळजवळ नसतो आणि वर चढणारं पाणी तसंच येतं. गोव्यात कांदोळीसमोर एका ठरावीक जागी समुद्रविज्ञान संस्थेचे लोक वर्षानुवर्षं पाण्याचे नमुने घेत आले आहेत. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये तिथे तळाजवळचं पाणी श्वास घ्यायच्या लायकीचं राहत नाही.

हिवाळ्यात तर याहून नवल. तेव्हा पश्चिम किनाऱ्याचा प्रवाह उत्तरेकडे वाहतो, समोरून वारा येत असताना. मग त्याला ढकलतं कोण? बंगालच्या उपसागरातले वारे! तिथे समुद्राला बसलेला धक्का एका लांबच लांब लाटेच्या रूपात किनारा धरून निघतो, श्रीलंकेला वळसा घालतो आणि काही आठवड्यांनी केरळ-कर्नाटक-गोव्याच्या समोर पोचतो. ही लाट डोळ्यांना दिसत नाही. तिची उंची असते काही सेंटिमीटर आणि लांबी शेकडो किलोमीटर. मालवणच्या तांडेलाला जो प्रवाह लागतो, त्याची चिठ्ठी विशाखापट्टणमच्या बाजूने आलेली असते. सुरुवातीला लक्षद्वीपजवळ समुद्र उंच झाल्याचं म्हटलं, तोही याच लाटांच्या करामतीचा भाग.

बहात्तर आणि सत्त्याण्णव

आता आठवण थोडी लांबवू, महिन्यांवरून वर्षांवर जाऊ.

गिल्बर्ट वॉकर हा केंब्रिजचा गणिती 1904 मध्ये भारतीय हवामान खात्याचा प्रमुख झाला. 1877 आणि 1899 च्या दुष्काळांनी माणसं किड्यामुंगीसारखी मेली होती आणि पाऊस आधी सांगता येईल का, हा सरकारपुढचा जिवंत प्रश्न होता. वॉकरने जगभरचे पावसाचे, तापमानाचे, हवेच्या दाबाचे आकडे गोळा केले आणि भारतीय मदतनीसांच्या हातून हजारो गणितं करवून घेतली. संगणक अर्थातच नव्हता. त्या आकड्यांच्या डोंगरातून एक विलक्षण गोष्ट वर आली: पॅसिफिकच्या बाजूला दाब चढला की हिंदी महासागराच्या बाजूला उतरतो, आणि उलट. आपला पाऊस या चढउताराशी बांधलेला होता. असं का होतं, ते वॉकरला सांगता आलं नाही. 1924 मध्ये तो निवृत्त झाला. चार वर्षांनी खात्याचं मुख्यालय सिमल्याहून पुण्याला आलं आणि शिवाजीनगरातल्या त्या दगडी इमारतीला पुणेकर आजही सिमला ऑफिस म्हणतात.

'का' चं उत्तर याकब ब्येर्कनेस यांनी 1969 मध्ये दिलं, वॉकरच्या मृत्यूनंतर अकरा वर्षांनी. ते पाण्यात होतं. पॅसिफिकवर एरवी पूर्वेकडून पश्चिमेकडे वारे वाहतात आणि गरम पाणी इंडोनेशियाच्या बाजूला रेटून ठेवतात. इतकं, की तिथे समुद्राची पातळी दक्षिण अमेरिकेच्या बाजूपेक्षा सुमारे अर्धा मीटर उंच असते. पेरूच्या किनाऱ्यावर मग खालचं थंड पाणी वर येत राहतं. पण कधीकधी वारे ढिले पडतात. रेटून ठेवलेलं पाणी सुटतं, आणि सगळा पॅसिफिक ओलांडत दोन-तीन महिन्यांत पेरूच्या बाजूला उबदार थर खोल होतो. पूर्वेकडचा समुद्र तापला की वारे आणखी ढिले पडतात, आणि वारे पडले की समुद्र आणखी तापतो. हाच एल निनो. पावसाचे ढग गरम पाण्यामागे पूर्वेला जातात आणि आपल्या बाजूला हवा खाली बसू लागते. बसणारी हवा ढग वाढू देत नाही.

1972 मध्ये पेरूच्या समुद्रात अँचोव्ही मासा नाहीसा झाला. जगातला सर्वांत मोठा मासेमारीचा धंदा कोसळला. बेसुमार पकड आधीपासून होतीच, एल निनोने शेवटचा धक्का दिला. त्याच वर्षी मराठवाड्यात आणि माणदेशात माणसं खडी फोडत होती, पाझर तलाव खणत होती, मिलोची लाल भाकरी आणि सुकडी खाऊन दिवस काढत होती. बहात्तरचा दुष्काळ म्हटलं की आजही त्या पिढीचा आवाज बदलतो. पेरूचा कोळी आणि जतचा शेतकरी यांची तोंडओळखही नव्हती. दोघांनाही एकाच पाण्याने फटका दिला.

मग आलं 1997. विसाव्या शतकातल्या सर्वांत बलाढ्य एल निनोंपैकी एक. सगळे धास्तावले. आणि भारतात पाऊस झाला सरासरीच्या 102 टक्के!

कोडं पुन्हा समुद्रातच सुटलं, पण आपल्याच समुद्रात. त्या वर्षी सुमात्राजवळचा हिंदी महासागर थंड पडला होता आणि आफ्रिकेकडचा तापला होता. पूर्व आफ्रिकेत पूर आले. साजी, गोस्वामी, विनयचंद्रन आणि यामागाता यांनी 1999 मध्ये 'नेचर' मध्ये दाखवून दिलं, की ही एकदाच घडलेली गोष्ट नव्हे. हिंदी महासागराचा स्वतःचा असा एक झोका आहे, पूर्व-पश्चिम दोन टोकांचा. त्यातले भूपेन्द्रनाथ गोस्वामी पुढे पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेचे संचालक झाले. हा झोका अनुकूल बाजूला असला, तर एल निनोचा मार बोथट होऊ शकतो. 2019 मध्ये जूनचा पाऊस तिसऱ्या हिश्श्याने कमी पडला आणि मोसम संपला तेव्हा सरासरीच्या 110 टक्क्यांवर होता. त्या वर्षी हिंदी महासागराचा झोका फार मोठा होता.

एक-दोन अंशांच्या फरकाने एवढं काय होतं, असं वाटेल. पुण्याच्या सुलोचना गाडगीळ यांनी 1984 मध्ये जोसेफ आणि जोशी यांच्यासोबत याचं मर्म दाखवलं. समुद्राचं तापमान साधारण 28 अंशांच्या खाली असेल, तर त्यावर पावसाचे उंच ढग क्वचितच उभे राहतात. ती रेघ ओलांडली की ढगांना मुभा मिळते. 27 आणि 29 मध्ये अंतर दोन अंशांचं, पण मध्ये ही रेघ आहे. बंगालचा उपसागर पावसाळाभर रेघेच्या वर राहतो, कारण नद्यांचं गोडं पाणी त्याला खालच्या थंड पाण्यापासून तोडून ठेवतं. त्याच्यावर एकामागून एक कमी दाबाची क्षेत्रं तयार होतात आणि विदर्भापर्यंत पाऊस घेऊन येतात. नद्यांचं पाणी पुन्हा पाऊस आणतं, ते असं.

उन्हाळ्याच्या पोटात हिवाळा

1751 मध्ये हेन्री एलिस नावाचा इंग्रज कप्तान गुलामांच्या व्यापारातल्या जहाजावरून अटलांटिकच्या उष्ण भागात फिरत होता. त्याच्याजवळ झडपा लावलेली एक बादली होती. खाली सोडली की पाणी आरपार जायचं, वर ओढली की झडपा मिटायच्या आणि त्या खोलीचं पाणी आत राहायचं. दीड किलोमीटरहून जास्त दोर सोडून त्याने ती वर ओढली. वर हवा 29 अंशांची आणि बादलीतलं पाणी 12 अंशांच्या आसपास, तेही वर येताना थोडं तापलेलं. कप्तानाने त्या पाण्याने अंघोळी केल्या आणि दारू गार केली.

अठराव्या शतकाच्या अखेरीस काउंट रम्फर्ड यांनी त्या बादलीचा अर्थ लावला. विषुववृत्ताजवळ वर्षभर ऊन पडत असताना तळाशी थंड पाणी टिकतं, याचा अर्थ ते इथलं नाही. ध्रुवांकडे बुडून ते तळातळाने इथवर आलं असलं पाहिजे. तर्क अचूक होता. जगाच्या सगळ्या समुद्रांचं सरासरी तापमान 4 अंशांच्याही खाली आहे. आपण ज्याला उबदार समुद्र म्हणतो, ते वरचं पातळ झाकण. खाली सगळा ध्रुवांचा हिवाळा भरलेला आहे.

तो भरला जातो उत्तर अटलांटिकमध्ये आणि अंटार्क्टिकाच्या कडेला. अटलांटिकचं पाणी जास्त खारं, कारण तिथून उडालेली वाफ वारे पनामा ओलांडून पॅसिफिकवर नेऊन टाकतात. हे खारं पाणी उत्तरेला जातं, आपली उष्णता युरोपकडच्या हवेला देतं, गारठतं आणि जड होऊन बुडतं. ग्रीनलंड आणि आइसलंड यांच्यामधल्या डेन्मार्क सामुद्रधुनीत समुद्राच्या पोटात एक धबधबा आहे. त्यातून सेकंदाला सुमारे 30 लाख घनमीटर थंड पाणी उंबरठा ओलांडून तळाकडे कोसळतं. अ‍ॅमेझॉनच्या साधारण पंधरापट. उतार साडेतीन किलोमीटरचा. वरून जाणाऱ्या जहाजाला त्याचा पत्ताही लागत नाही.

तिथून ते पाणी दक्षिणेला, अंटार्क्टिकाभोवती, आणि मग हिंदी व पॅसिफिक महासागरांच्या तळाशी. वर यायला शतकं लागतात. किरणोत्सारी कार्बनवरून त्याचं वय काढता येतं. अंबरनाथचं शिवमंदिर उभं राहिलं 1060 मध्ये. उत्तर पॅसिफिकच्या खोल भागातल्या पाण्याने शेवटचं ऊन पाहिलं, ते त्याच्याही आधी.

हेन्री स्टोमेल यांनी 1961 मध्ये कागदावर फक्त दोन पेट्या मांडून, एक थंड आणि एक उबदार, दाखवून दिलं की खारेपणावर चालणारी अशी रचना दोन निराळ्या अवस्थांत स्थिर राहू शकते: जोरात चालू, किंवा जवळजवळ बंद. खारं पाणी येत राहिलं तर बुडणं चालू राहतं, आणि बुडणं चालू राहिलं तर खारं पाणी येत राहतं. मध्ये गोडं पाणी पुरेसं ओतलं गेलं, तर साखळी तुटू शकते. वॉलेस ब्रोकर यांनी 1980 च्या दशकात या कल्पनेला पृथ्वीच्या इतिहासाशी जोडलं. सुमारे 12,900 वर्षांपूर्वी, हिमयुग संपत आलेलं असताना, उत्तर अटलांटिकचा प्रदेश पुन्हा गोठला आणि हजारावर वर्षं गोठलेलाच राहिला. वितळणाऱ्या हिमनद्यांच्या पाण्याने हे अभिसरण मंदावलं, हे त्याचं सर्वांत मानलं गेलेलं स्पष्टीकरण. ती थंडी संपली तेव्हा ग्रीनलंड काही दशकांत दहाएक अंशांनी तापला.

आणि हे अरबी समुद्रात लिहिलेलं आहे. पाकिस्तानच्या किनाऱ्यासमोर तळाच्या चिखलात ऑक्सिजन नसल्यामुळे तो उकरायला किडे नाहीत, त्यामुळे थर जसेच्या तसे राहिले. गडद थर जोमदार मान्सूनचे, फिकट थर दुबळ्या मान्सूनचे. 1998 मध्ये जर्मन संशोधकांनी हे थर ग्रीनलंडच्या बर्फाशेजारी ठेवले. एक लाख दहा हजार वर्षांत ग्रीनलंड जेव्हा जेव्हा गारठला, तेव्हा तेव्हा आपला मान्सून खंगला होता.

आता त्यात भर पडते आहे

कोळसा आणि तेल जाळून आपण पृथ्वीवर जी जादा उष्णता अडकवली, तिच्यातली 90 टक्क्यांहून जास्त समुद्राने घेतली. आपण सोडलेल्या कार्बन डायऑक्साइडचा सुमारे चौथा हिस्साही त्याच्याच पोटात गेला. हवेचं तापमान वाढलेलं आपल्याला दिसतं, ते उरलेल्या चिमूटभर उष्णतेचं.

हे मोजतात जवळपास 4,000 आर्गो फ्लोट. पुरुषभर उंचीची ही नळकांडी हजार मीटर खोलीवर वाहत राहतात, दर दहा दिवसांनी दोन हजार मीटरपर्यंत बुडी मारून वर येतात आणि वाटेतलं तापमान, खारेपणा उपग्रहाला कळवतात. भारताच्या बाजूच्या नोंदी हैदराबादच्या महासागर माहिती सेवा केंद्रात येतात. या शतकाच्या पहिल्या दशकात हवेची तापमानवाढ मंदावल्यासारखी वाटली, तेव्हा उष्णता गेली कुठे असा प्रश्न पडला होता. बरीच पॅसिफिकने गिळली होती आणि इंडोनेशियाच्या बेटांमधल्या वाटांनी हिंदी महासागरात सोडली होती.

आपला समुद्र या उष्णतेच्या मुक्कामाची जागा ठरतो आहे. 1951 ते 2015 मध्ये उष्ण पट्ट्यातल्या हिंदी महासागराचा पृष्ठभाग सरासरी एक अंशाने तापला. जगाच्या समुद्रांची सरासरी वाढ 0.7 अंश होती. अरबी समुद्र आता 28 अंशांची रेघ पूर्वीपेक्षा सहज ओलांडतो आणि चक्रीवादळांना त्यातून बळ मिळतं. 3 जून 2020 ला निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर चढलं आणि श्रीवर्धन, मुरूडच्या नारळी-पोफळीच्या बागा एका दुपारीत आडव्या झाल्या.

अटलांटिकमध्ये 2004 पासून 26.5 अंश उत्तर अक्षांशावर दोरांना बांधलेली उपकरणं ते मोठं अभिसरण मोजत आहेत. सेकंदाला सुमारे 1 कोटी 70 लाख घनमीटर, जगातल्या सगळ्या नद्यांच्या चौदापट. ग्रीनलंड वितळतो आहे, त्याचं गोडं पाणी नेमकं बुडण्याच्या जागी जातं आहे. या शतकात अभिसरण मंदावेल, हे जवळपास निश्चित मानलं जातं. एकाएकी कोसळण्याची शक्यता 2100 पर्यंत कमी आहे, असं संयुक्त राष्ट्रांच्या हवामानविषयक समितीने 2021 मध्ये म्हटलं, पण शक्यता नाकारली नाही. चिखलातले फिकट थर आठवले, की ही बातमी युरोपपुरती नाही हे कळतं.

मान्सूनचा एप्रिलमधला अंदाज शक्य होतो, तो समुद्र विसरत नाही म्हणून. त्याच कारणाने आपली उष्णताही तो विसरणार नाही. उद्या जगातला सगळा धूर थांबला, तर हवेचं तापमान चढायचं बहुतांशी थांबेल. समुद्राचा खोल भाग मात्र पुढे शतकानुशतकं तापत राहील, फुगत राहील आणि किनारे मागे लोटत राहील. तळाशी जाऊन परत यायला जे पाणी हजार वर्षं घेतं, त्यात टाकलेली गोष्ट दहा-वीस वर्षांत काढता येणार नाही. ती आणखी टाकायची की नाही, एवढंच आपल्या हातात आहे, आणि ते आजच्या आज आहे.